काचेतलं पातेलं

"अहो, याला तर वासच येत नाही!"

बाईंनी बरणीच्या तोंडाला नाक जवळजवळ चिकटवलंच होतं. बरणीत पिवळ्याधमक गंधकाचा मोठा खडा होता, झाकणाला भोकं पाडलेली होती आणि वर पाटी होती, 'वास घेऊन पाहा'. बाईंच्या मागे त्यांचा नवरा उभा होता. त्याने स्वतःचं नाक आधीच दाबून धरलं होतं.

"छान प्रश्न विचारलात," गंधककाका म्हणाले.

"प्रश्न कुठं विचारला? मी तर सांगितलं."

"तेच हो. गंधक म्हणजे घाण वास, असं सगळ्यांनाच वाटतं. पण शुद्ध गंधकाला वास जवळपास नसतोच. काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो ना, तो गंधक जळल्यावर होणारा वायू. सडक्या अंड्याचा वास येतो, तो गंधकाने हायड्रोजनशी घरोबा केल्यावर. एकटा असताना गंधक कुणाच्या वाट्याला जात नाही."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखाच," बाई म्हणाल्या. "एकटे असले की भारी गुणी."

गंधककाका मनापासून हसले. हा विनोद त्यांनी कितीदा ऐकला होता त्याला गणती नव्हती, पण दर वेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखेच हसायचे. त्याचाच त्यांना पगार मिळत होता.

विज्ञान संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावर मूलद्रव्यांचं दालन होतं आणि मिसरूड फुटल्यापासून ते तिथे मार्गदर्शक होते. शाळेच्या सहलीतल्या कुण्या पोराने त्यांना गंधककाका म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं, की आता संचालकही पगाराच्या दिवशी तसंच पुकारत. नोकरीच्या पहिल्या दिवशी जुन्या मार्गदर्शकाने त्यांना एकच गोष्ट शिकवली होती. "प्रश्न शिळा असतो, माणूस ताजा असतो. प्रश्नाचा शिळेपणा माणसाच्या तोंडावर फेकायचा नाही." हे वाक्य काकांनी पदराला गाठ मारून ठेवावं तसं ठेवलं. दालनात ते आयुष्यात कधी कुणावर वैतागले नाहीत. सोनं खरं आहे का? खरं आहे, पण इतकं पातळ की विकून चहाही यायचा नाही. सोडियम तेलात का बुडवलंय? पाण्याशी त्याचं हाडवैर आहे म्हणून. पाऱ्याला हात लावला तर काय होतं? हेलियम ओढला की आवाज पोरीसारखा का होतो? प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली आणि प्रत्येक उत्तराआधी तेच कौतुक, 'छान प्रश्न विचारलात'.

फक्त एक प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारत. तो ॲल्युमिनियमच्या कपाटापाशी यायचा.

"यात रांधलं की माणूस विसराळू होतो म्हणतात. खरं का हो?"

"एकेकाळी तशी शंका घेतली गेली होती," काका सांगत. "पण भांड्यांमुळे तसं होतं, असा पुरावा नाही." 'पुरावा नाही' म्हणताना ते दोन्ही तळवे वर करून दाखवत, जणू पुरावा कुठे लपवलेला नाही याची लोकांनी खात्री करून घ्यावी. "फार आंबट तेवढं त्यात फार वेळ ठेवू नका."

कपाटात विमानाच्या पंखाचा एक तुकडा होता, खिडकीची चौकट होती, चांदीसारख्या कागदाची गुंडाळी होती आणि मधोमध एक छोटं पातेलं होतं. ते पातेलं काकांच्या घरचं. दालन नव्याने मांडलं तेव्हा पैसे संपत आले होते आणि संचालक म्हणाले होते, "तुमच्याकडचंच एखादं भांडं आणा की. सगळ्यांच्या घरात सारखंच असतं." बायकोने तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. "माझं दुधाचं पातेलं! त्याला काय बघायचंय लोकांना? चांगला पोचा आलाय त्याला, नळावर आपटून." पण पातेलं काचेत गेल्यावर ती मुद्दाम नवी साडी नेसून बघायला आली आणि कपाटापाशी थांबणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटली, "हे माझंय बरं का. पोचा माझ्याच हातचा." काकांना तेव्हा लाजल्यासारखं झालं होतं.

मग ती विसरायला लागली.

सुरुवात किल्ल्यांपासून झाली, ती कुणाचीही होते. मग शेजारणीचं नाव गेलं, घराचा जिना गेला, एकदा तर स्वतःच्याच दारासमोर उभी राहून तिने स्वतःच्याच घराचा पत्ता विचारला. डॉक्टरांनी फार आडवळणं घेतली नाहीत. "आधी नावं जातात, मग कामं जातात. माणसं शेवटी जातात. जवळचं माणूस सगळ्यात शेवटी." बाकीचं काकांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण हे शेवटचं वाक्य त्यांनी घट्ट धरून ठेवलं. मूलबाळ नव्हतं. दोघंच होते. तिच्या डोक्यातून सगळं जग गेलं तरी चालेल, पण आपण जाता कामा नये, एवढीच त्यांची मागणी होती. ती काही फार मोठी मागणी नाही, असं त्यांना वाटायचं.

संध्याकाळी घरी आले, की चपला काढण्याआधी ते विचारत, "मी कोण?"

ती त्यांच्याकडे बघे. मग हसे. "अहो, काय हा पोरखेळ? तुम्ही म्हणजे तुम्ही!"

झालं. काकांचा जीव भांड्यात पडे.

थोरली मेहुणी महिन्यातून एखादी चक्कर टाकायची. तिचा नवरा दुकानदार होता, त्यामुळे नोकरदार माणसाला काही कळत नाही, हे तिचं मत लग्नापासून पक्कं होतं. ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरची भांडी बघितली आणि तशीच बाहेर आली.

"भाऊजी, अजून हीच भांडी?"

"त्यांचं काय?"

"सगळं जग सांगतंय, ॲल्युमिनियमनं डोकं जातं. तुम्ही तर त्याच धंद्यात आहात ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!"

"ताई, भांड्यांमुळे तसं होतं, असा पुरावा नाही." तळवे आपोआप वर झाले.

"मग कशामुळं होतं?"

"ते अजून नीट कळलेलं नाही."

"मग तुम्हाला कळलंय तरी काय? पुरावा पाहिजे ना तुम्हाला? हा काय समोर बसलाय पुरावा! आल्यापासून तीनदा विचारलं तिनं मला, आई कशी आहे म्हणून. आई जाऊन जमाना झाला!"

बायको पलंगावर बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"आई गेली?" ती म्हणाली. "कधी? मला कुणी कळवलं पण नाही?"

मेहुणीने जीभ चावली. पण सुटलेली जीभ चावून काय उपयोग? बातमी बायकोला नवीकोरी होती. ती छाती पिटून रडली. थोड्या वेळाने आपण का रडतोय ते ती विसरली, पण रडणं मात्र थांबेना. तशीच हुंदके देत ती दोघांना विचारत राहिली, "काय झालं? कुणी सांगेल का मला, काय झालं?"

त्यानंतरच्या आठवड्यात मेहुणी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि काका घरी एकटे राहिले. तेव्हा त्यांनी फळीवरची सगळी भांडी खाली काढली. एकात एक बसणारी सहा पातेली होती, संसाराच्या सुरुवातीला बायकोने स्वतः वाजवून, पारखून घेतलेली. पुरावा नव्हता, हे काकांना पुरतं ठाऊक होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेली उतरंड त्यांच्या डोक्यात भुंग्यासारखी फिरत होती. नावं गेली होती, कामं जायला लागली होती. पुढचा नंबर त्यांचा होता. भीती वाटायला लागली, की पुराव्याला कोण विचारतो? जन्मभर जगाला 'घाबरू नका' सांगणारा माणूस सहा पातेली उराशी धरून जिना उतरला.

"चांगली आहेत की हो," भंगारवाला म्हणाला. "वापरातली दिसतात."

"घेऊन जा."

पोत्यात मावावीत म्हणून भंगारवाल्याने ती एकेक करून जमिनीवर पालथी घातली आणि टाचेने चेपली. ॲल्युमिनियम मऊच असतं, फार आवाजही झाला नाही. सगळी चेपून होईपर्यंत काका तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर स्टीलची नवीन भांडी चमकत होती. बायको नेहमीप्रमाणे उठून चहाला गेली. तोवर बाकी काहीही विसरली तरी चहा ती अचूक करायची. डोक्यातून गेलं होतं ते अजून हातांत होतं. चहाच्या पातेल्यालाही एक पोचा होता. आतून तो टेकाडासारखा दिसायचा आणि टेकाड बुडेपर्यंत पाणी घातलं की दोन कप चहा. ना माप, ना मोजणी. त्या दिवशी तिने स्टीलचं भांडं नळाखाली धरलं आणि ती पोचा बुडायची वाट बघत राहिली. भांडं भरलं, पाणी काठावरून वाहिलं, तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, पायांवर सांडलं. ती वाटच बघत होती.

"अहो," तिने हाक मारली, "माझं पातेलं कुठंय?"

काकांनी नळ बंद केला, तिला खुर्चीवर बसवलं आणि नीट समजावून सांगितलं. तिने मान डोलावली. "बरं केलंत." मग ती उठली, फळीपाशी गेली आणि म्हणाली, "अहो, माझं पातेलं कुठंय?"

त्या दिवसापासून तिचा चहा गेला आणि त्याच्या जागी हा प्रश्न आला. काकांनी आधी खरं सांगून पाहिलं. मग खोटं सांगितलं, शेजारी दिलंय, घासायला टाकलंय, येईल उद्या. मग त्यांनी उत्तर देणंच सोडलं. ती उशा उचलून बघायची, चपलांच्या खणात बघायची, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बघायची. जेवताना तोच प्रश्न, आंघोळीच्या दारातून तोच प्रश्न. दिवसभर दालनात परक्यांच्या शिळ्या प्रश्नांना ताजं हसू देऊन काका घरी येत, तेव्हा त्यांच्याकडचं हसू संपलेलं असे. जुन्या मार्गदर्शकाने घरासाठी काही शिकवून ठेवलेलं नव्हतं. प्रश्नही तोच आणि विचारणारीही तीच असली म्हणजे काय करायचं?

एकदा संध्याकाळी त्यांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही.

"विकलं! भंगारात घातलं! चेपून, पोत्यात भरून नेलं! झालं समाधान? त्यालाही काही किंमत आली नाही आणि तुझ्या डोक्यालाही आता येणार नाही!"

तिचे ओठ थरथरले. काकांना लाज वाटली, ते उठून तिच्याजवळ गेले, तिच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि ती वर बघून म्हणाली, "अहो, माझं पातेलं कुठंय?"

खांद्यावरचा हात उचलला गेला आणि तिच्या गालावर बसला.

काका स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. त्यांनी तिचे पाय धरले, माफी मागितली, रडले. तीही रडली. मग जेवायच्या वेळेला ती बाहेर आली आणि अगदी सहज म्हणाली, "कधी आलात? दमला असाल." गालावर लाली होती, पण तिला आरशात ती दिसली तरी कशाची, ते आठवत नव्हतं. ती विसरली होती! काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आजाराने त्यांचं सगळं नेलं होतं, निदान एवढं तरी परत दिलं, असं त्यांना वाटलं, आणि असं वाटल्याची त्यांना लाजही वाटली नाही.

माणूस एकदा घसरला की पायऱ्या मोजत नाही. जे दुसऱ्याच्या लक्षात राहत नाही, त्याचा जाब विचारणार कोण? दुसऱ्यांदा हात उगारताना काकांना पहिल्याइतका त्रास झाला नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी माफीही मागितली नाही. नुसते थोडा वेळ बाहेर जाऊन उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "मी कोण?"

ती हसली. "तुम्ही म्हणजे तुम्ही!"

दिवसा तिच्याजवळ थांबायला एक बाई ठेवलेली होती. कामाला चोख आणि बोलायला कमी. एका सकाळी ती दारातच उभी राहिली.

"मी उद्यापासून येणार नाही."

"का? त्रास देते का ती?"

"ताई गरीब आहेत हो. त्यांच्या दंडावर वळ आहेत. मी केलेले नाहीत, ते तुम्हालाही माहितीये. पण त्यांची बहीण आली तर बोट माझ्याकडेच जाईल. मला माझं पोट आहे."

बाईने किल्ली खुंटीला अडकवली आणि ती गेली.

त्यांनी मेहुणीला फोन केला. वळांचं सांगितलं नाही. बाई सोडून गेली, एवढंच सांगितलं.

"मग मी घेऊन जाते तिला," मेहुणी म्हणाली. "माझ्याकडं माणसं आहेत, जागा आहे. तुमच्याच्यानं होणार नाही हे."

"ती माझ्याशिवाय राहायची नाही, ताई. सगळं विसरलीय ती. एक मी तेवढा आठवतो तिला."

"तुम्हीच सांगताय हे."

"तिलाच विचारा. तिच्या तोंडून ऐका. ती येते म्हणाली तर खुशाल न्या."

"आणि नाही म्हणाली तर मी परत हा विषय काढणार नाही. उद्या संग्रहालय बंद व्हायच्या वेळेला येते मी."

फोन ठेवताना काकांच्या मनात शंका नव्हती. हा एक पुरावा त्यांच्याजवळ होता, रोज संध्याकाळी तपासून घेतलेला.

दुसऱ्या दिवशी ते तिला बरोबर घेऊन कामावर गेले. खालच्या मजल्यावर तिकीटवालीने आपल्याजवळ खुर्ची टाकून दिली. "बसू द्या इथं. मी बघते. तुम्ही जा वर." काका वर गेले, कपाटातून त्यांनी आपला निळा कोट काढला, बटणं लावली, नावाची पट्टी सरळ केली. हा कोट संग्रहालयातच धुतला जायचा, तो घरी कधी येत नसे. कोट चढवला की त्यांचे खांदे सरळ होत आणि आवाज आपोआप मऊ होई.

दुपारी गर्दी झाली. एका घोळक्याला सोडियमची गोष्ट सांगताना काकांची नजर मागच्या रांगेत गेली आणि त्यांचं वाक्य अर्ध्यावर अडखळलं. बायको तिथे उभी होती. तिकीटवालीचा डोळा चुकवून ती लोकांबरोबर जिना चढून आली असावी. हातांची घडी घालून, मान थोडी तिरकी करून ती लक्षपूर्वक ऐकत होती. आता ती 'अहो' म्हणून हाक मारील, असं काकांना वाटलं. तिने मारली नाही. गंधकाच्या बरणीपाशी तिची पाळी आली, तशी ती वाकली, तिने वास घेतला आणि त्यांच्याकडे सरळ बघत विचारलं,

"याला वास कसा नाही हो?"

"छान प्रश्न विचारलात," काकांच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी तिला काडीचं सांगितलं, सडक्या अंड्याचं सांगितलं. गंधकाच्या घरोब्यावर ती खळखळून हसली. ते हसू काकांनी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं. ते इतके सुखावले, की गर्दी असूनही त्यांनी तिला सोनं दाखवलं, पारा दाखवला. तिने पुन्हा गंधकाचंच विचारलं. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती पुन्हा तशीच हसली. हे इतकं सोपं होतं, तर घरी आपल्याला का जमलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

घोळका पुढच्या दालनात गेला. ती ॲल्युमिनियमच्या कपाटापाशी थांबली.

"दादा," तिने हाक मारली.

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. नवऱ्याला हाक मारायच्या बायकांकडे हजार युक्त्या असतात, पण त्या हजारांत दादा नसतो.

"दादा, जरा इकडं येता का?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "ते पातेलं माझंय."

"हो?"

"तो पोचा बघा. नळावर आपटलं होतं मी." तिने काचेवरून बोट फिरवलं. "बरं झालं बाई, हे इथं आलं. वाचलं. बाकीची त्यानं नेली."

"कुणी?"

तिने आजूबाजूला पाहिलं. मग ती त्यांच्या अगदी जवळ सरकली, इतकी जवळ की तिच्या केसांतल्या रोजच्या तेलाचा वास त्यांना आला.

"आमच्या घरी एक माणूस येतो. संध्याकाळचा. आला की दारातच सुरू करतो, मी कोण, मी कोण."

काकांनी कपाटाच्या कडेला हात टेकला. "मग तुम्ही काय सांगता त्याला?"

"काय सांगणार? तुम्ही म्हणजे तुम्ही, म्हणते. हसते जराशी. ओळखत नाही म्हटलं तर मारायचा." तिने ब्लाउजची बाही दंडावरून खाली ओढली. "असा आवाज चढला ना, की पोटात गोळाच येतो माझ्या. तो कोण ते कळत नाही, पण गोळा येतो."

काकांना बोलावंसं वाटलं, अगं मी आहे, बघ माझ्याकडे. पण ते सांगायचं म्हणजे तो माणूस मीच, असं सांगायचं.

"तुम्ही किती नीट बोलता," ती म्हणाली. "तुमच्या घरची बाई सुखात असेल."

खिशात कपाटाची किल्ली होती. काकांनी ती चाचपली. "काढून देऊ का पातेलं? तुमचंच आहे. घेऊन जा घरी."

"नको, नको!" तिने त्यांचा हात धरला. "घरी नको, दादा. तो भंगारात देईल. इथं कुलूप आहे. इथंच राहू द्या. आणि कुणी माणूस विचारत आला, तर माझं नाव सांगू नका."

"नाही सांगणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

बंद व्हायच्या वेळेला मेहुणी जिना चढून आली, दम लागलेली, भांडायच्या तयारीने. बहिणीसमोर उभी राहून तिने स्पष्ट विचारलं, "हे बघ, मी तुला न्यायला आलेय. माझ्याकडं येतेस राहायला, की घरी जातेस?"

बायकोने घरी हा शब्द ऐकला आणि ती काकांच्या मागे सरकली. त्यांच्या निळ्या कोटाची बाही तिने घट्ट धरली. क्षणभर मेहुणीला वाटलं, आपण हरलो.

"मी हिच्याबरोबर जाऊ का, दादा?" बायकोने कोटामागून विचारलं. "ही बरी दिसते."

मेहुणीने दादा हा शब्द ऐकला. तिने काकांच्या तोंडाकडे पाहिलं, बहिणीच्या ओढून घेतलेल्या बाहीकडे पाहिलं आणि मग पुन्हा काकांकडे पाहिलं. काकांनी तळवे वर केले. या वेळी मात्र त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही.

"चल," मेहुणी बहिणीला म्हणाली.

दोघी जिन्याकडे निघाल्या. खालून तिकीटवालीने दिवे मालवायला सुरुवात केली होती. दोन पायऱ्या उतरून बायको थांबली आणि वळली.

"दादा, माझं पातेलं कुठंय?"

"इथे आहे," काका म्हणाले. "काचेत आहे. कुलूप लावलेलं आहे."

तिने मान डोलावली. आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर तिने पुन्हा वर पाहिलं.

"दादा, माझं पातेलं कुठंय?"

"इथे आहे. काचेत आहे. कुलूप लावलेलं आहे."

खालच्या वळणावरून ती दिसेनाशी झाली, तरी प्रश्न आणखी एकदा वर आला. काकांनी कठड्यावरून वाकून तेच उत्तर तशाच मऊ आवाजात दिलं. मग ते आत आले. काचेवर तिच्या बोटाचा ठसा उमटला होता. रोज संध्याकाळी सगळ्या काचा पुसायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी बाकीच्या सगळ्या पुसल्या.